उज्जयिनीहून कँटनला

परक्या गांवीं गेलेला मनुष्य बहुधा तेथील नवल पाहावयास जातो. आपल्या घरीं जें नाहीं तें पाहावें आणि परत आल्यावर चार आप्तेष्टांस त्याचें वर्णन करून सांगावें, एवढ्यासाठींच प्रवासाचा सारा खटाटोप. यांत गैर कांहींच नाहीं. परंतु जगांत कांहीं शहरें अशीं आहेत कीं, तेथें नवल पाहतां पाहतां आपल्याच घरची एकादी वस्तु दृष्टीस पडते. आणि ती येथें कशी आली हा प्रश्न एकदां मनांत आला म्हणजे नवल बाजूस राहतें व हिशेब सुरू होतो. दक्षिण चीनमधील कँटन हें आम्हां लोकांपुरतें असें एक शहर आहे. तेथील पाहण्यासारख्या स्थळांतून वाचकांना फिरवून आणावें व जातां जातां तो हिशेबही मांडावा, असा आमचा आजचा विचार आहे.

या शहरास चिनी लोक ग्वांगचौ म्हणतात. ज्या प्रांताची ती राजधानी, त्या ग्वांगतुंगचें नांव पोर्तुगीजांच्या तोंडीं बदलून 'कँटन' झालें आणि दर्यावर्दी व्यापाऱ्यांच्या बोलण्यांतून तेंच आमच्याकडे रूढ झालें. हाँगकाँगच्या वायव्येस सुमारें 120 किलोमीटरवर, मोती नदीच्या कांठीं हें शहर वसलें आहे. 2020 च्या शिरगणतींत येथील वस्ती 1 कोटि 86 लक्षांवर भरली. नदीकांठचा 600 मीटर उंचीचा नवा मनोरा, 1957 पासून भरत आलेली प्रचंड व्यापारी जत्रा, रात्रीं दिव्यांनीं उजळणारे पूल, या गोष्टी प्रवाशांचीं पुस्तकें सांगतातच. ज्यांना तेवढेंच पाहावयाचें असेल त्यांना आमच्या सोबतीची गरज नाहीं. आमची वाट जुन्या शहरांतून जाते.

शहराच्या उत्तरेस युएश्यू नांवाची टेकडी आहे. तिच्यावर 1380 सालीं बांधलेला पांच मजली तांबडा बुरूज उभा असून त्याच्या नांवाचा अर्थ 'समुद्रावर वचक ठेवणारा' असा होतो. जवळच पांच बोकडांचें दगडी शिल्प आहे. तें 1959 सालचें, पण त्यामागील कथा फार जुनी. पांच देव पांच बोकडांवर बसून आले, त्यांनीं येथील लोकांस धान्याचीं कणसें दिलीं आणि 'या नगरांत कधीं दुष्काळ न पडो' असा आशीर्वाद देऊन ते अंतर्धान पावले, अशी ती कथा. शहराचा आरंभ परक्या पाहुण्यांच्या आगमनापासून मोजणारी ही दंतकथा बंदरास शोभण्यासारखीच आहे.

आणि इतिहासही तिला दुजोरा देतो. 1983 सालीं याच भागांत एका टेकडीवर इमारतींसाठीं खोदकाम चाललें असतां नान्युए नांवाच्या प्राचीन राज्याच्या दुसऱ्या राजाची कबर सांपडली. हें राज्य इसवी सनापूर्वीं 111 मध्यें लयास गेलें. राजाच्या शवावर हरितमण्याचे दोन हजारांवर तुकडे रेशमी धाग्यांनीं गुंफून केलेला अंगरखा होता. त्या मौल्यवान पोशाखापेक्षांही आम्हांस दुसऱ्याच वस्तूंचें अगत्य वाटतें. त्या कबरेंत इराणी घडणीचा चांदीचा करंडा, आफ्रिकेंतील हत्तींचे दांत व ऊद हीं सांपडलीं. म्हणजे दोन हजार वर्षांमागें पश्चिमेकडील समुद्रांचा माल हातोहातीं, बंदरोबंदरीं होत येथवर येऊन पोंचत असे. आणि या जलमार्गाच्या मधोमध हिंदुस्थानचा किनारा पसरलेला आहे, हें नकाशा पाहणाऱ्यास सांगावयास नको.

या मार्गानें आमच्याकडून जें पहिलें मोलाचें गेलें, तें पाहावयाचें तर टेकडीवरून उतरून ग्वांगश्याव विहारांत गेलें पाहिजे. 'आधीं हा विहार, मग हें शहर' अशी येथील लोकांची म्हण आहे. आंत शिरतांच एक अश्वत्थाचा वृक्ष दिसतो. 502 सालीं हिंदुस्थानांतून आलेल्या एका भिक्षूनें बोधिवृक्षाचें रोप येथें लाविलें, अशी परंपरा आहे. मूळ झाड वादळांत उन्मळून पडलें व हल्लींचें त्याचें वंशज होय, असें सांगतात. याच वृक्षाखालीं 676 सालीं ह्वेनंग नांवाच्या एका गरीब, निरक्षर मनुष्याचें मुंडन होऊन त्यास दीक्षा मिळाली, आणि पुढें तो ध्यानपंथाचा सहावा आचार्य म्हणून पूर्व आशियाभर वंद्य झाला. त्याची येथील एक गोष्ट प्रसिद्ध आहे. विहाराच्या ध्वजाकडे पाहून दोन भिक्षु वाद करीत होते. एक म्हणे वारा हालतो, दुसरा म्हणे ध्वज हालतो. ह्वेनंग म्हणाला, वाराही हालत नाहीं व ध्वजही हालत नाहीं. हालतें आहे तें तुमचें मन. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें आम्हांस तिचें काम पडणार आहे.

या ध्यानपंथाचा मूळपुरुष बोधिधर्म हाही समुद्रमार्गें कँटनलाच उतरला अशी समजूत असून तो उतरला ती जागा ह्वालिन विहाराजवळ दाखवितात. गुणभद्र नांवाचा पंडित 435 सालीं सिंहलद्वीपावरून येथें आला आणि त्यानें लंकावतारसूत्राचें चिनी भाषांतर केलें. परंतु आमच्या हिशेबाच्या दृष्टीनें या सर्वांत महत्त्वाचा पुरुष निराळाच आहे. त्याचें नांव परमार्थ.

परमार्थ हा उज्जयिनीचा ब्राह्मण. जन्म 499 सालचा. ताडपत्रांच्या पोथ्या बरोबर घेऊन तो 546 सालीं कँटनच्या बाजूस उतरला. लिआंग वंशाच्या बौद्धधर्मी सम्राटानें 548 सालीं राजधानींत त्याचें स्वागत केलें. पण त्याच वर्षीं बंड उसळून राज्याची धूळधाण झाली आणि या वृद्धत्वाकडे झुकलेल्या पंडितास आज या प्रांतांत तर उद्यां त्या प्रांतांत असें वर्षानुवर्षें भटकावें लागलें. कागद, लेखक, निवारा यांपैकीं कशाचीच शाश्वति नसतां तो भाषांतरें करीतच होता. अखेर कंटाळून त्यानें परतण्यासाठीं जहाज गांठलें. 562 सालीं तें निघालें देखील. परंतु वारा फिरला आणि जहाज पुन्हां कँटनलाच येऊन लागलें. हा दैवाचाच संकेत असें समजून तो तेथें राहिला. आयुष्याच्या शेवटच्या सहा-सात वर्षांत त्यानें असंगाचा महायानसंग्रह व वसुबंधूचा अभिधर्मकोश हे ग्रंथ चिनी भाषेंत उतरविले. तरीही आपलें कार्य विफल झालें या विचारानें त्याला ग्रासलें. 568 सालीं तो शहराच्या उत्तरेकडील डोंगरांत देहत्याग करावयास गेला. शिष्य व नगरवासी धांवत गेले व त्यांनीं त्यास परत आणिलें. पुढल्याच वर्षीं त्यास कँटनमध्यें मृत्यु आला.

उज्जयिनी ती माळव्याची. तेथून निघालेल्या एका मनुष्यानें आपलें घर, आपली भाषा व शेवटीं आपली हाडें कँटनला दिलीं, आणि मोबदल्यांत कांहींही घेतलें नाहीं. त्याचें नांव परमार्थ होतें हा योगायोग खरा. पण असे योगायोग इतिहासांत फार नाहींत. माळव्याचें नांव आम्ही पुढें पुन्हां घेणार आहों, म्हणून येथें तें दोनदां उच्चारून ठेवितों.

विहारांतून निघाल्यावर ल्यूरोंग देवालयाचा 1097 सालीं बांधलेला स्तूप लागतो. बाहेरून पाहतां त्याचे नऊ मजले दिसतात, पण आंत सतरा आहेत. त्याच्या दक्षिणेस थोड्या अंतरावर ह्वायशंग मशीद आहे. तिचा गुळगुळीत पांढरा मनोरा सुमारें 36 मीटर उंच असून एके काळीं नदी त्याच्या जवळून वाहत असे व त्याच्या माथ्यावरील दिवा पाहून अरबी जहाजें बंदरांत शिरत. ही मशीद खुद्द पैगंबरांच्या एका आप्तानें बांधिली ही श्रद्धा. विद्वान तिचा काळ थोडा अलीकडे आणितात. कांहीं असो, तांग राजांच्या अमदानींत अरब, इराणी, ज्यू, ख्रिस्ती असे हजारों परदेशी येथें राहत, आणि 879 च्या सुमारास ह्वांग चाव नांवाच्या बंडखोरानें शहर जिंकलें तेव्हां त्यांची भयंकर कत्तल झाली. अरबी बखरकार मृतांचा आंकडा 1 लक्ष 20 हजार देतो. तो फुगविलेला असला, तरी परक्यांची वस्ती केवढी मोठी असावी याची त्यावरून कल्पना येते. बंदर पाहुण्यास आसरा देतें आणि प्रसंगीं पाहुणा बंदरांतच मरतो. दोन्ही गोष्टी कँटननें पाहिल्या आहेत.

आतां आपण नदीच्या धक्क्यावर येऊं. येथें एक सार्वजनिक बाग असून जवळच्या रस्त्यास अद्याप 'तेरा वखारींचा रस्ता' म्हणतात. 1757 सालीं चिनी बादशहानें हुकूम काढला कीं, युरोपियनांचा समुद्रावरील व्यापार यापुढें एकट्या कँटनमध्यें चालेल. तेव्हांपासून 1842 पर्यंत इंग्रज, डच, फ्रेंच, अमेरिकन, पारशी अशा सर्वांस याच चिंचोळ्या पट्टींतील वखारींत राहावें लागे. नगराच्या तटाआंत पाऊल टाकण्याची मनाई. बायका आणण्याची मनाई. हंगाम संपला कीं मकावला निघून जावें. देणेंघेणें सर्व कांहीं थोड्या सनदी चिनी व्यापाऱ्यांमार्फत. त्यांचा प्रमुख हाउक्वा हा तर त्या काळीं जगांतील सर्वांत धनाढ्य व्यापाऱ्यांपैकीं एक गणला जाई. मोठीं जहाजें शहरापर्यंत येत नसत. तीं खालीं व्हांपोआ येथें नांगर टाकीत व माल होड्यांतून वर येई.

मुंबईची ओळख कँटनला झाली ती या काळांत. हिरजी जीवणजी हे पारशी गृहस्थ 1756 सालीं चीनला गेले, असें सांगतात. आरंभीं मुंबईहून मुख्यतः कापूस जाई व तिकडून चहा, रेशीम, साखर, चिनीमातीचीं भांडीं येत. आमच्या घरांतील बरण्या, पारशी बायकांच्या भरतकामाच्या साड्या आणि आमची सकाळ ज्यावांचून उजाडत नाहीं तो चहा, यांची पाळेंमुळें या व्यापारांत आहेत. कापसाच्या मोबदल्यांत चहा, इतकाच हा सौदा राहता तर आमचें आजचें लिखाण येथेंच संपलें असतें.

परंतु इंग्रजांना चहा जितका हवा होता, तितका चिन्यांना इंग्रजी माल नको होता. चांदी मोजावी लागे, आणि चांदी वांचविण्यासाठीं एक वस्तु पुढें आली: अफू. चीनमध्यें तिला बंदी होती. म्हणून कंपनी सरकार कलकत्त्यास लिलांवांत अफू विकून हात धुवून मोकळें होई आणि खासगी व्यापारी ती चोरून चीनच्या किनाऱ्यावर उतरवीत. बंगालकडील अफूचा मक्ता कंपनीचा होता. पण दुसरी एक अफू कंपनीच्या हाताबाहेर पिकत होती. ती माळव्याची. शिंदे-होळकरांच्या व इतर संस्थानिकांच्या मुलखांत, उज्जैन, इंदूर, मंदसोरच्या काळ्या जमिनींत पांढऱ्या फुलांचीं शेतें डोलत. बोंडांना संध्याकाळीं चिरा पाडावयाच्या, पहांटे चीक खरवडून घ्यावयाचा. सावकार शेतकऱ्यांस आगाऊ रकमा देई व पीक त्याचें होई. त्याच बोंडांतील दाणे आम्ही खसखस म्हणून दिवाळीच्या अनरशांना लावितों. चीक मात्र पेट्यांत भरून समुद्रापार जाई. एका पेटींत सुमारें 60 किलो.

कंपनीनें ही अफू आधीं बंद पाडण्याचा, मग सगळी स्वतःच विकत घेण्याचा यत्न केला. दोन्ही फसले. मारवाडी व गुजराती व्यापाऱ्यांचे तांडे राजपुतान्याच्या व सिंधच्या वाळवंटांतून माल कराचीस नेत व तेथून तो पोर्तुगीजांच्या दमणांत उतरे. अखेर 1830 च्या सुमारास सरकारनें शहाणपण केलें: माळव्याची अफू खुशाल मुंबईहून जाऊं द्यावी, प्रत्येक पेटीमागें परवान्याची रक्कम घ्यावी. 1843 सालीं सिंध खालसा झाल्यावर पळवाट बुजली व ती रक्कम चढत चढत 1847 सालीं 400 रुपयांवर गेली. मुंबईच्या पेढ्यांवर या व्यापारानें सोन्याचा पाऊस पाडला. सर जमशेटजी जिजीभाई हे त्यांतील सर्वांत मोठें नांव. त्यांनीं तरुणपणीं चीनच्या पांच सफरी केल्या. 1805 सालच्या सफरींत फ्रेंचांनीं जहाज पकडलें, त्या प्रसंगीं विल्यम जार्डीन नांवाच्या जहाजावरील डॉक्टराशीं त्यांचा परिचय झाला. हाच जार्डीन पुढें कँटनमधील अफूच्या सर्वांत मोठ्या पेढीचा मालक झाला आणि जमशेटजी त्याचे मुंबईंतील मुख्य पुरवठेदार. त्यांच्या सोबत्यांत जैन मोतीचंद अमीचंद होते, कोंकणी मुसलमान महमदअली रोगे होते आणि गोमंतकांतील ख्रिस्ती व्यापारी रोजेरिओ द फारिया हेही होते. मुंबईची सर्वधर्मीय एकी पाहावयाची असेल तर ती येथें दिसते!

1838-39 च्या हंगामांत सुमारें 40,000 पेट्या चीनला गेल्या, आणि माळव्याची अफू तोंवर बंगालच्या अफूच्या जवळजवळ बरोबरीस येऊन बसली होती. चीनची चांदी वाहून जाऊं लागली. शिपाई, कारकून, पालखीवाले व्यसनांत बुडाले. तेव्हां बादशहानें लिन त्से-शू या करड्या, निःस्पृह अधिकाऱ्यास कँटनला पाठविलें. 1839 च्या मार्चमध्यें तो आला. दोन आठवड्यांत त्यानें वखारींस वेढा घातला, चिनी नोकर काढून घेतले व सर्व अफू हवालीं करण्याचा हुकूम फर्माविला. कोंडलेल्या परदेशी लोकांत आमचे पारशी व्यापारीही होते. अखेर 20,283 पेट्या त्याच्या स्वाधीन झाल्या. नदीच्या मुखाशीं हूमन येथें त्यानें मोठाले हौद खणविले. त्यांत खारें पाणी, अफूचे गोळे आणि चुनकळी टाकून तो सर्व रगडा जूनमध्यें तीन आठवडे समुद्रांत सोडीत राहिला. हें करण्यापूर्वीं त्यानें समुद्रदेवतेची पूजा करून तिचें पाणी विटाळल्याबद्दल क्षमा मागितली. ते हौद आज जतन केले असून कँटनहून दिवसभराच्या सहलींत पाहून येतां येतात. त्यांच्या कांठीं उभ्या राहणाऱ्या भारतीय प्रवाशानें एवढें आठवावें: येथें विरघळलेला मोठा भाग माळव्याच्या शेतांतून आला होता. परमार्थाच्या उज्जयिनीहून निघालेली ही दुसरी पाठवणी. वाट तीच, बंदर तेंच.

पुढील हकीकत सर्वांस ठाऊक आहे. इंग्रजांनीं युद्ध पुकारलें. 1841 च्या मे महिन्यांत कँटनच्या उत्तरेस सानयुआनली गांवच्या शेतकऱ्यांनीं पावसांत ज्या तुकडीला घेरलें ती मद्रास पलटणीची होती. चिनी लोक त्या लढाईचें स्मारक आजही जपतात, आणि त्यांत समोरच्या बाजूस आमचेच शिपाई आहेत. 1842 च्या तहान्वयें हाँगकाँग गेलें व 2 कोटि 10 लक्ष डॉलर द्यावे लागले. पैकीं 60 लक्ष नष्ट केलेल्या अफूचे. 1856 च्या डिसेंबरांत तेरा वखारी जळाल्या. दुसऱ्या युद्धांत इंग्रज-फ्रेंचांनीं कँटन घेतलें व सुभेदार येह मिंगचेन यास कैद करून कलकत्त्यास नेलें. तेथेंच तो 1859 सालीं वारला. त्याच्या जळालेल्या वाड्याच्या जागीं फ्रेंचांनीं 1863 पासून 1888 पर्यंत खपून घडीव दगडाचें भव्य ख्रिस्तमंदिर उभारिलें. त्यास लोक 'दगडी घर' म्हणतात. शिल्प म्हणून तें खरोखर प्रेक्षणीय आहे. शामीन नांवाचें चिमुकलें बेट विजेत्यांनीं आपल्या वस्तीसाठीं घेतलें. जुनीं वडाचीं झाडें, शांत रस्ते, युरोपियन धर्तीचे बंगले यांमुळें तें आज सहलीचें आवडतें स्थळ आहे. पण समोरच्या कालव्यापलीकडील रस्त्याचें नांव आहे 'सहा-तेवीस'. 1925 सालच्या सहाव्या महिन्याच्या 23 तारखेस बेटावरून मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या गेल्या व पन्नासांवर माणसें मेलीं, त्याची ती खूण. कँटनमध्यें सौंदर्य आणि जखम अशीं शेजारीं शेजारीं राहतात.

शेवटचें स्थळ व्हांपोआजवळील चांगचौ बेटावर आहे. 1924 सालीं सुन यत्सेन यांनीं स्थापिलेली प्रसिद्ध लष्करी शाळा पाहावयास लोक तेथें जातात. थोडें पुढें, झाडींतल्या टेकडीवर पारशी लोकांची दफनभूमि आहे. अग्निपूजकांच्या धर्मांत प्रेत पुरणें निषिद्ध; पण येथें दोखमा कोठून आणावा? म्हणून दगडी थडग्यांत त्यांना ठेवावें लागलें. शिळांवर गुजराती अक्षरें आहेत. मुंबईच्या कोटांतून, सुरतेहून, नवसारीहून आलेलीं ही माणसें कोणी लक्षाधीश झालीं नाहींत. बहुतेक कारकून, मुनीम, दलाल असतील. घरापासून इतक्या दूर तीं कां आलीं हें जाणूनही त्या थडग्यांपुढें मनुष्याचा राग टिकत नाहीं. आमचाही टिकत नाहीं.

मग हिशेब कोणाच्या नांवें लिहावा? व्यापारी म्हणे, पीक संस्थानांचें, परवाना सरकारचा, आम्ही केवळ वाहतूक केली. संस्थानिक म्हणे, रयतेनें पेरलें. सरकार म्हणे, आम्ही चीनच्या किनाऱ्यावर पाऊलही टाकीत नाहीं. चिनी तस्कर व लांचखाऊ अंमलदार होते म्हणूनच माल उतरला, हेंही खोटें नाहीं. आणि आम्ही मराठी पांढरपेशे म्हणूं, अफू पारशांनीं, मारवाड्यांनीं विकली. आमचा काय संबंध? आतां ह्वेनंगची गोष्ट आठवावी. वारा हालला कीं ध्वज हालला, हा वाद आम्ही शंभर वर्षें घालूं शकूं. परंतु 1845 सालीं मुंबईस जमशेटजींच्या नांवाचें रुग्णालय उघडलें, त्याच्या शेजारीं ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय चालूं झालें व तेथून पहिल्या तुकडींत डॉ. भाऊ दाजी बाहेर पडले. 1857 सालीं जमशेटजींच्याच देणगीनें कलाशाळा निघाली. माहीमचा धक्का त्यांच्या पत्नीनें बांधविला. त्या रुग्णालयांत आमचे आजे-पणजे बरे झाले, त्या कलाशाळेंत आमचे चित्रकार घडले, त्या धक्क्यावरून आम्ही रोज जातों-येतों. दान घेणाऱ्यानें दात्याच्या तिजोरीचा मार्ग ठाऊक नाहीं असें म्हणूं नये.

त्या काळचीं माणसें काळाचीं बाहुलीं होतीं, त्यांना दोष कसा द्यावा, असा आक्षेप कोणी घेतील. यास उत्तर त्याच काळानें दिलें आहे. दादाभाई नवरोजी हे स्वतः पारशी. 1855 सालीं ते लंडनच्या एका पारशी पेढींत भागीदार म्हणून गेले. अफू व मद्य यांच्या नफ्याबद्दल त्यांना किळस वाटली आणि थोड्याच वर्षांत त्यांनीं ती पेढी सोडली. पुढें त्यांनीं या व्यापाराचा उघड धिक्कार केला. रवींद्रनाथांनीं 1881 सालीं, अवघ्या विशींत, या मरणाच्या व्यापारावर लेख लिहिला. दिसत होतें, ज्यांना पाहावयाचें होतें त्यांना तेव्हांही दिसत होतें. तरी इंग्लंड-चीन यांचा निर्गतीस आळा घालणारा करार व्हावयास 1907 साल उजाडावें लागलें, आणि तो व्यापार बंद पडला 1913 मध्यें.

याचा अर्थ जमशेटजींचें नांव पुसून टाकावें असा मुळींच नाहीं. त्यांची दानशूरता खरी होती. ज्या रोग्यास त्या रुग्णालयांत जीवदान मिळालें, त्याचें बरें होणें खोटें नव्हतें. आमचें म्हणणें एवढेंच कीं, पुण्य व पाप यांचीं खातीं निराळीं असलीं तरी वही एकच असते. त्यांतलीं निम्मीं पानें चिकटवून ठेवणें हा प्रामाणिकपणा नव्हे. कँटनच्या लोकांनीं आपल्या जखमा दगडावर कोरून ठेविल्या. आमच्या मुंबईंत मात्र इमारती दात्याचें नांव सांगतात, धनाचा मार्ग सांगत नाहींत.

या बंदराची आणखी एक आठवण सांगितल्यावांचून लेख संपविणें अन्यायाचें होईल. 1938 च्या सप्टेंबर महिन्यांत जपानी आक्रमणाशीं झुंजणाऱ्या चीनच्या मदतीस पांच भारतीय डॉक्टर मुंबईहून निघाले व हाँगकाँगवरून कँटनला उतरले. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर होते व सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. पुढल्याच महिन्यांत कँटन जपान्यांच्या हातीं पडलें; डॉक्टर तोंवर उत्तरेकडे निघून गेले होते. कोटणीस परत आले नाहींत. 9 डिसेंबर 1942 रोजीं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, उत्तर चीनमध्यें त्यांचा अंत झाला. त्यांच्या मरणानें चाळीस हजार पेट्यांचें ऋण फिटलें असें आम्ही म्हणणार नाहीं; एका सत्पुरुषाच्या प्राणांनीं इतरांचे हिशेब मिटविणें हाही एक व्यापारच होईल. परंतु परमार्थाची वाट अगदींच मोडली नव्हती, एवढी साक्ष त्यांनीं ठेविली.

वाचकांपैकीं कोणी कँटनला जातील. त्यांनीं मनोरा पाहावा, बाजार पाहावा, पण एक सकाळ ग्वांगश्याव विहारांतील अश्वत्थाखालीं व एक सायंकाळ हूमनच्या हौदांपाशीं घालवावी. आणि बहुतेकांना तेथें जाणें घडणार नाहीं. त्यांना दूर जाण्याचें कारणही नाहीं. भायखळ्यावरून जातांना त्या जुन्या रुग्णालयाच्या फाटकापाशीं मुलांबरोबर क्षणभर थांबावें. ज्यानें हें बांधिलें त्याचें नांव मुलांस सांगावें, आदरानें सांगावें. आणि पैसा कोठून आला असें मुलानें विचारलें, तर तेंही सांगावें.